वस्तू कशी घडावी, हे ठरवावे कोणी?

ग्रंथालयात नवा ग्रंथ दाखल होतो, तेव्हा त्याच्या नोंदीचे काम दोन टप्प्यांत होते. प्रथम एक कोरे पत्रक पुढे घेतले जाते. मग त्यावर शीर्षक, लेखक, दाखल क्रमांक इत्यादी तपशील लिहिले जातात. पत्रकावर रकाने किती व कसे असावेत, हे ते भरणारा कारकून ठरवीत नाही. ते पत्रक छापून घेतानाच ठरलेले असते. संगणकाच्या आज्ञावलीत ‘वस्तू’ निर्माण होते, तीही याच रीतीने. तेथे रकाने आखण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. तो विचारला पाहिजे.

वस्तूंच्या साहाय्याने आज्ञावली रचण्याची कल्पना नॉर्वेमधील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर्ड यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत प्रथम स्पष्ट रूपास आली. या पद्धतीत ‘वर्ग’ म्हणजे साचा आणि ‘वस्तू’ म्हणजे त्या साच्यातून काढलेली एकेक प्रत होय. ‘ग्रंथ’ हा वर्ग असेल, तर ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तक ही त्या वर्गाची वस्तू. आणि शीर्षक, लेखक हे तिचे गुणधर्म. हे गुणधर्म संगणकाच्या स्मृतीत ज्या जागी ठेवले जातात, त्यांना येथे ‘खण’ म्हणू.

विद्यार्थ्याला सामान्यतः एवढेच सांगितले जाते की, आज्ञा केली की वस्तू तयार होते. वस्तुतः त्या एका आज्ञेच्या पोटात दोन क्रिया असतात. लिस्प कुळातील ‘कॉमन लिस्प’ या भाषेत ‘मेक-इन्स्टन्स’ ही आज्ञा दिली असता प्रथम ‘अॅलोकेट-इन्स्टन्स’ ही क्रिया रिकाम्या खणांची जागा मिळविते व नंतर ‘इनिशियलाइझ-इन्स्टन्स’ ही क्रिया ते खण भरते. पायथनमध्येही ‘न्यू’ व ‘इनिट’ अशा दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. कोरे पत्रक घेणे वेगळे आणि ते भरणे वेगळे, हाच तो भेद.

आता खण कसे मांडावयाचे? याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली रीत ओळीची. प्रत्येक गुणधर्माचा क्रमांक वर्ग रचतानाच ठरतो आणि त्या क्रमांकाच्या खणात त्याचे मूल्य ठेवले जाते. ही रीत वेगवान आहे. पण खण रिकामा राहिला, तरी जागा अडतेच. दुसरी रीत कोष्टकाची. तीत जे गुणधर्म प्रत्यक्ष भरले गेले, तेवढेच नावासह नोंदले जातात. न भरलेल्यांना जागा लागत नाही. परंतु भरलेल्या प्रत्येकाला मूल्याखेरीज नावासाठीही जागा द्यावी लागते, आणि शोध लवकर लागावा म्हणून कोष्टकात काही जागा मोकळीही ठेवावी लागते.

दोन उदाहरणांवरून हा भेद ध्यानात येईल. नकाशावरील बिंदूला दोनच निर्देशांक असतात. बिंदू १० लाख असले, तरी ओळीच्या रीतीने प्रत्येकाच्या दोन खणांना मिळून १६ बाइट पुरतात. येथे कोष्टक वापरणे म्हणजे उधळपट्टी होय. याउलट एखाद्या वस्तुसंग्रहालयाच्या नोंदवहीचा विचार करावा. नाणे, वस्त्र, शिल्प, हस्तलिखित या सर्वांना पुरतील असे ५०० गुणधर्म तीत योजले आहेत, पण कोणत्याही एका वस्तूला त्यांपैकी १०च लागू पडतात. एका खणास ८ बाइट धरल्यास ओळीच्या रीतीने प्रत्येक नोंदीस ४,००० बाइट लागतात आणि १०,००० नोंदींस ४ कोटी. यांपैकी शेकडा ९८ जागा कायमची रिकामी! येथे ओळ ही उधळपट्टी, आणि कोष्टक हा शहाणपणा.

भाषेचा रचनाकार कितीही कुशल असला, तरी त्याने एकच रीत सर्वांवर लादली, तर या दोघांपैकी एकाचे नुकसान अटळ आहे. ग्रेगर किकझालेस, जिम दे रिव्हिएर व डॅनियल बॉब्रो यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्ट ऑफ द मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉल’ या ग्रंथात या पेचातून वाट दाखविली आहे. तिचे मर्म असे: वर्ग हीसुद्धा एक वस्तूच मानावी. साचाही कोणत्या तरी साच्यातून निघालेला असतो. त्यास ‘अधिवर्ग’ म्हणता येईल. जागा कशी मिळवावी आणि खणातील मूल्य कसे वाचावे, हे अधिवर्गाकडे सोपविले, की वस्तुसंग्रहालयाच्या आज्ञावलीचा लेखक आपल्यापुरता नवा अधिवर्ग रचून कोष्टकाची रीत स्वीकारू शकतो. बिंदूंच्या वर्गास त्याचा स्पर्शही होत नाही. मग अधिवर्गाचा साचा कोणता, अशी शंका येईल. कॉमन लिस्पमध्ये ‘स्टँडर्ड-क्लास’ हा अधिवर्ग स्वतःच स्वतःची वस्तू आहे, आणि तेथे ही साखळी थांबते.

या मोकळिकीवर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. खण वाचणे या साध्या क्रियेमागे कोणी काय दडविले असेल, याची खात्री उरत नाही, असे एक म्हणतो. प्रत्येक वेळी अधिवर्गाला विचारीत बसल्यास वेग मंदावेल, असे दुसरा म्हणतो. १९९४च्या अमेरिकी मानकात कॉमन लिस्पची वस्तुपद्धती आली, पण हा प्रोटोकॉल त्याबाहेरच राहिला, हेही खरे. तथापि ‘प्रोटोकॉल’ या शब्दातच पहिल्या आक्षेपाचे उत्तर आहे. कोणती क्रिया बदलता येईल आणि बदलल्यावरही कोणते वचन पाळावे लागेल, हे तो आधीच बांधून देतो. खणात जे ठेवले तेच परत मिळाले पाहिजे, हे वचन मोडणारा अधिवर्ग सदोषच होय. वेगाविषयी बोलावयाचे, तर पुष्कळसे निर्णय वर्ग सिद्ध होताना एकदाच घेऊन ठेवता येतात. ते दर वाचनाच्या वेळी नव्याने घ्यावे लागत नाहीत. आणि मानकाबाहेर राहूनही कॉमन लिस्पच्या अनेक रचनाकारांनी हा प्रोटोकॉल स्वीकारला आहे.

नियमांविषयीचे नियम ही कल्पना भारतीय परंपरेस परकी नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील परिभाषासूत्रे स्वतः कोणताही शब्द सिद्ध करीत नाहीत. इतर सूत्रे कशी लावावीत, हे ती सांगतात. समान बळाच्या दोन नियमांत विरोध आला, तर क्रमाने नंतरचा ग्राह्य धरावा, हा निर्णय तशाच एका सूत्राने दिला आहे. अशा सूत्रांनी व्याकरण सैल झाले नाही. उलट अधिक काटेकोर झाले.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या ११वी व १२वीच्या संगणकशास्त्रात आज पायथन शिकविली जाते. त्या भाषेत वस्तूचे गुणधर्म सामान्यतः कोष्टकात राहतात. २००१ सालच्या २.२ या आवृत्तीपासून ‘स्लॉट्स’ असे घोषित करून ठराविक खणांची रीतही निवडता येते. ज्या विद्यार्थ्यास हे दोन मार्ग दाखविले जात नाहीत, तो दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयालाच निसर्गनियम समजू लागतो. प्रत्येकाने अधिवर्ग रचावेत, असा आग्रह कोणी धरू नये. बहुसंख्य कामांस रूढ रीतच पुरते. परंतु ती रीत कोणी तरी, काही कारणाने, काही किंमत मोजून निवडलेली आहे, आणि कारण बदलल्यास निवडही बदलता येते, एवढे ज्ञान शालेय शिक्षणाच्या कक्षेत आलेच पाहिजे. यंत्राचा वापर शिकणे आणि यंत्रावर अधिकार मिळविणे यांतील अंतर एवढ्याच ज्ञानाने कमी होते.