वादळाचा बावटा आणि घरातील मुले

समुद्रात वादळ उठले म्हणजे बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. तो पाहताच तांडेल होडी वर ओढून घेतो, दोर आवळतो, जाळी सुरक्षित जागी नेऊन ठेवतो. होडीसाठी जी दक्षता आपण घेतो, ती घरातील माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, मनांसाठी घेतो काय? हा प्रश्न आज आम्हांस पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडावयाचा आहे.

तारकर्ली-देवबागचा किनारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हा प्रश्न दूरचा वाटणार नाही. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तीवर माडांच्या सावलीत वसलेली घरे! ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ हे वादळ दूर समुद्रातच फिरले. तरी त्याने उठविलेल्या लाटांचे पाणी या वस्तीपर्यंत आले. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ हे चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेस गेले. ते दुसऱ्या दिवशी रात्री सौराष्ट्रात जमिनीवर चढले. पण जाता जाता सिंधुदुर्गातील घरांची कौले व पत्रे उडवून, माड व आंबे मोडून, विजेचे खांब आडवे करून गेले. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. घरांच्या पडझडीचे पंचनामे झाले. मनाच्या पडझडीचा पंचनामा कोण करणार?

त्या वर्षी शाळा पुन्हा भरू लागल्यावर आम्ही वर्गास ‘पावसाळा’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. किनाऱ्याकडील एका मुलाने कोऱ्या पानावर एकच वाक्य लिहिले : “कौलांचा आवाज आला की माझ्या पोटात दुखते.” आम्ही त्यास जवळ बोलाविले आणि, सांगावयास लाज वाटते, त्यास म्हणालो, “अरे, तुम्ही दर्यावर्द्यांची मुले! शूर मुलांनी असे घाबरू नये.” मुलगा “होय सर” म्हणून जागेवर जाऊन बसला. पुढील निबंधात त्याने मोर नाचविले, इंद्रधनुष्य काढले. भयाचे नाव काढले नाही. उपदेश लागू पडला, असे आम्हांस वाटले. पुष्कळ दिवसांनी त्याची आई शाळेत आली, तेव्हा कळले की वारा सुटला म्हणजे तो अजूनही रात्री उठून बसतो आणि धाकट्या बहिणीस जागी करून दाराशी नेतो. त्याचे भय गेले नव्हते. ते आम्हांस सांगणे तेवढे थांबले होते.

भय म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे आम्ही विसरलो होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गेली. जे वाचले, त्यांस पुढे घराच्या छपराखाली निजण्याचीही धास्ती वाटे. त्यांस कोणी भित्रे म्हणेल काय? ज्या आवाजाने घात केला तो आवाज शरीर लक्षात ठेवते. मुलांचे तर हे भय शब्दांवाटे क्वचितच बाहेर पडते. कोणाचे पोट दुखते, कोणी अंथरूण ओले करतो, कोणी आईचा पदर सोडीत नाही, कोणी खेळात पुन्हा पुन्हा घर पाडून दाखवितो. अशा मुलास रागावणे म्हणजे जखमेवर पट्टी बांधण्याऐवजी जखम झाकून ठेवणे होय.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, संकट येण्यापूर्वी घरात त्याविषयी शांतपणे बोलावे आणि ते येऊन गेल्यावर ज्याला जसे बोलता येईल तसे बोलू द्यावे. यावर वडील माणसे म्हणतील, “शुभ बोल रे नाऱ्या! भरल्या घरात अभद्र कशाला काढावे?” या म्हणण्यामागील माया आम्ही जाणतो. परंतु जास्तीचे वल्हे होडीत ठेवणाऱ्या तांडेलास कोणी अभद्र चिंतणारा म्हणत नाही. उलट अशाच तांडेलाच्या होडीत आपण निर्धास्त बसतो. मूल न बोललेल्या संकटासही भितेच. फरक इतकाच की ते एकटे भिते.

आता हे बोलणे कसे असावे? अरबी समुद्रातील चक्रीवादळे बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जून महिन्यांत, आणि पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. वेधशाळा त्यांची वार्ता आता काही दिवस आधी देते. म्हणून मे महिन्यात एका संध्याकाळी सर्वांनी पडवीत बसावे आणि प्रत्येकाचे काम ठरवावे. शिधापत्रिका, दाखले व वह्या-पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पेटीत ठेवणे हे थोरल्या मुलीकडे. बॅटरी व आजीची औषधे धाकट्याकडे. गोठ्यातील दावी सोडणे आणखी कोणाकडे. घर सोडावे लागल्यास कोणत्या पक्क्या इमारतीत जावयाचे, चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे, हे लहानग्यासही तोंडपाठ असावे. ‘तौक्ते’च्या वेळी दूरध्वनी बंद पडले आणि मुंबईचे चाकरमानी गावाकडील आवाजासाठी व्याकूळ झाले. म्हणून मुंबईतील एका आप्ताचा क्रमांक सर्वांनी पाठ करावा. ज्यास प्रथम संधी मिळेल त्याने तेथे खुशाली कळवावी. ज्या मुलाच्या हाती काम असते, त्याचे भय पुष्कळ अंशी त्या कामात गुंतून जाते.

वादळ ओसरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे दिनक्रम. जेवण, अभ्यास, ज्या घरी जी प्रार्थना होत असेल ती, आणि निजणे ही शक्य तितकी नेहमीच्या वेळी व्हावीत. मोडक्या घरातही नेमलेली वेळ मुलास आधार देते. दुसरी गोष्ट म्हणजे ऐकणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. त्यातही सांगितले आहे की, संकटग्रस्तास घडलेले सांगण्याचा आग्रह करू नये. त्याने सांगितले तर ऐकावे आणि त्यास आपल्या माणसांशी व योग्य मदतीशी जोडून द्यावे. तिसरी गोष्ट सत्य. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ आले तेव्हा मासेमारीचा हंगाम चालू होता. कोकणातील कित्येक मच्छीमार परतले नाहीत. अशा घरातील मुलास “बाबा उद्या येतील” असे रोज सांगणे दयेचे वाटते, पण तो उद्या उगवला नाही म्हणजे मूल बापासही मुकते आणि आपल्या शब्दावरील विश्वासासही मुकते. “आम्ही शोधीत आहोत, अजून कळलेले नाही, आणि तुझ्यापाशी आम्ही आहोत,” हे सांगणे कठीण असले तरी तेच खरे होय.

घरच्या पुरुषांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. होडी गेली, बाग गेली म्हणजे बाप मुका होतो; कोणी चिडतो, कोणी बाटलीकडे वळतो. मुलास त्याचे कारण ठाऊक नसते. ते समजते की आपलेच काही चुकले. “माझे चित्त ठिकाणावर नाही, पण तुझ्यावर राग नाही,” एवढे बापाने म्हटले तरी घरावरील अर्धे ओझे उतरते. मनावरील ताण महिनाभराने ओसरला नाही, झोप व भूक परतली नाही, तर ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेस १४४१६ या क्रमांकावर केव्हाही विचारावे अथवा डॉक्टरांकडे जावे. तापासाठी जसे आपण लाजत नाही, तसे येथेही लाजू नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांनी किनाऱ्यावर रापण ओढलेली आहे. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकले म्हणजे दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरील दोन रांगा ओढतात. म्हातारा, तरुण व पोर एकाच दोरास हात लावतात, आणि कोणी एकट्याने ती ओढीत नाही. दुःखाचेही तसेच आहे. तुमच्या बाकावरील सोबती वाऱ्यापावसात गप्प झाला तर त्यास हसू नका. त्याच्याजवळ सरकून बसा. आणि पालकहो, येत्या मे महिन्यात एक संध्याकाळ या बोलण्यासाठी राखून ठेवा. त्या मुलाची आम्ही पुढे क्षमा मागितली. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याने त्या रात्रीची सारी हकीकत सांगितली. आम्ही या वेळी काहीच बोललो नाही, फक्त ऐकले.