जुन्या घरांतील जुन्या तारा

कुंडलिकेच्या वरच्या अंगास भिरा येथे १९२७ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. तेथील वीज मुंबईकडे गेली. वीज करून मोकळे झालेले पाणी मात्र आजही रोह्यावरून वाहते. रोहे व पेण येथे घरोघरी दिवा लागला तो पुष्कळ पुढे, आणि तो ज्या तारांवर लागला त्यांपैकी काही अद्यापि जुन्या घरांच्या भिंतींवर आहेत. त्या बदलाव्यात की नाही, हा प्रश्न वरवर खासगी आहे. परंतु एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या लाकडी माळ्यांच्या आळीत आग कोणाच्या उंबरठ्याशी थांबत नाही.

लाकडी पट्टीवर चिमट्यांनी बसविलेली रबरी वेष्टनाची तार, चिनी मातीचा फ्यूज आणि दोन भोकांचा प्लग, ही व्यवस्था चार दिवे, एक पंखा व रेडिओ यांच्यासाठी होती. आज त्याच तारेवर गिझर बसतो. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह घेतो, आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पाच अँपिअरसाठी घातलेली तार सुमारे तिप्पट तापते. त्यात रबर वयाने ठिसूळ होते, कौलांतून पाणी झिरपते, उंदीर आपले काम करतात. फ्यूज वारंवार जाऊ लागला की त्यात जाड तार घालणारा शहाणा प्रत्येक आळीत असतोच. फ्यूज जातो तो तक्रार करावयास. त्याचे तोंडच बंद केल्यावर तक्रार आगीने करावयाची राहते.

पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत तर धोका दुहेरी आहे. ऐन पावसाळ्यात, ओल्या मातीत, रात्र रात्र दिवे आणि रंगाचे कॉम्प्रेसर चालतात. अर्थिंग नसलेल्या घरात ओल्या जमिनीवर उभ्या माणसास बसणारा धक्का फ्यूजला कळतही नाही.

मग लोक तारा का बदलत नाहीत? केवळ आळसाने, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घर चार भावांच्या नावे, त्यांतले तिघे मुंबई-पुण्यास. राहणाऱ्याने खर्च करावा तर हिश्शाचा प्रश्न निघतो. भाडेकरू घरमालकाकडे पाहतो, घरमालक जुन्या भाड्याकडे. शिवाय २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेत ज्यांच्या ठेवी अडकल्या, त्यांस दुरुस्तीसाठी शिल्लक टाका, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

तरीही आमचे मत स्पष्ट आहे. सर्व एकदम होत नसेल तर क्रम लावावा. प्रथम परवानाधारक तंत्रज्ञाकडून मेगरने वेष्टनाची परीक्षा घ्यावी. नंतर चांगले अर्थिंग, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांस स्वतंत्र जाड तार, आणि ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह तोडणारे उपकरण. जुन्या तारेवर हे उपकरण बसविले तर ते वारंवार वीज तोडील, आणि लोक त्यालाच नादुरुस्त ठरवून काढून टाकतील. तसे करू नये. ते तारेचीच अवस्था सांगत असते. नुसता जुना फ्यूज काढून नवी एम. सी. बी. बसविणे म्हणजेही वायरिंग बदलणे नव्हे.

वीजजोडणी घेताना चाचणीचा अहवाल द्यावा लागतो. पुढे पन्नास वर्षे त्या तारेकडे सहसा कोणी फिरकत नाही. नगरपरिषदा व महावितरण यांनी मिळून निदान जुन्या आळ्यांत उन्हाळ्यात एकदा मेगर फिरविला, तर त्याचा खर्च फार नाही, आणि पावसाळ्यापूर्वी हाती दोन महिने असतात.