नावावर काही नाही, पण उसाचं बिल कुणाच्या खात्यात येतं?

वीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात वकिली करतेय. नवीन पक्षकार आला की पहिला अर्धा तास तो काय म्हणाला, सासू काय म्हणाली, हेच ऐकायचं असतं. ऐकते. ते बोलून झाल्याशिवाय माणसाच्या कानात पुढचं काही शिरत नाही. मग मी विचारते, घरात महिन्याला किती पैसे येतात आणि कुणाच्या खात्यात? इथे बहुतेकांची गाडी अडते.

माझं मत सांगते. पटत नाही म्हणून केस कोर्टात येते, पण वर्षानुवर्षं तिथे सडते ती लपवलेल्या उत्पन्नामुळे.

नवरा म्हणतो, "मॅडम, माझ्या नावावर काहीच नाही." कागदावर ते खरंही असतं! सातबारा वडिलांचा, ट्रॅक्टर भावाचा, दुकानाचं लायसन्स आईच्या नावावर. मग उसाचं बिल कुणाच्या खात्यात जमा होतं, असं विचारलं की शांतता. बायकाही मागे नाहीत. पार्लर जोरात चाललेलं असतं आणि अर्जात लिहायचं असतं, 'उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही'. मी दोन्ही बाजूंची वकीलपत्रं घेते, म्हणून दोन्हीकडचं सांगतेय.

यावर उपाय नाही असं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मिळकत आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं. शेतकरी कुटुंबांसाठी नमुनाच वेगळा आहे. त्यात जमीन किती, बागायत की जिरायत, पीक कोणतं, जनावरं किती, सगळं विचारलंय. समोरच्याने ते ४ आठवड्यांत द्यायचं, त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी नाहीत, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून.

प्रत्यक्षात काय होतं? तारीख. शपथपत्र आलं तर अर्ध्या रकान्यांत 'लागू नाही'. तोवर माहेरी बसलेल्या मुलीच्या पोराची जूनची फी भरायची असते, ती तिचे वडील पेन्शनमधून भरतात. कोर्टाने हा निकाल पाठ असल्यासारखा वापरावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पुरुष मंडळी कमेंटमध्ये लिहितीलच, "बायका वाट्टेल तेवढे मागतात." अहो, म्हणूनच तर हे शपथपत्र तुमच्याही कामाचं. तिचा पगार, तिच्या एफडी त्यातच बाहेर येतात.

खोटं शपथपत्र माझ्या ऑफिसातून जाणार नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. काही जण उठून दुसऱ्या वकिलाकडे जातात. जाऊ देत. जे थांबतात त्यांच्यात एक गोष्ट वारंवार पाहिलीय: आकडे खरे टेबलावर आले की समजुतीची भाषा सुरू होते, आणि बरीच प्रकरणं परस्पर संमतीवर येतात. तिथली ६ महिन्यांची मुदतही न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, २०१७ पासून हे स्पष्ट आहे.

तेव्हा वकील कुणीही करा, पण जाताना पासबुक, पगाराची स्लिप, रिटर्न, सातबारा, आठ-अ, जे असेल ते न्या. ताई, तुमच्या हाताशी यातलं काहीच नसेल तर निदान नवऱ्याची बँक कोणती, शाखा कोणती, ऊस कुठल्या कारखान्याला जातो, एवढं चिठ्ठीवर लिहून न्या. तेवढ्यावरूनही कोर्टामार्फत कागद मागवता येतात.