आधी विचारा

‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये घालण्याचा आदेश केंद्रीय दूरसंचार खात्याने ३ डिसेंबर २०२५ रोजी मागे घेतला. माघार स्वागतार्ह आहे. पण तिच्यासाठी दिलेले कारण मूळ आदेशाइतकेच चीड आणणारे आहे. अ‍ॅपला प्रतिसाद वाढतो आहे, एकाच दिवसात सहा लाख लोकांनी ते घेण्यासाठी नोंदणी केली, सबब सक्तीची गरज उरली नाही, असे खाते म्हणते. नागरिकाने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनमध्ये त्याला न विचारता काही टाकणे मुळातच गैर होते, ही कबुली त्या निवेदनात कुठेही नाही. प्रतिसाद पुरेसा वाटला नसता तर सक्ती कायम राहिली असती, एवढाच त्याचा अर्थ निघतो. म्हणूनच आदेश गेला तरी प्रश्न जागेवरच आहे.

२८ नोव्हेंबरच्या त्या आदेशाची भाषा सौम्य नव्हती. फोन पहिल्यांदा सुरू करताना अ‍ॅप सहज दिसले पाहिजे, त्याची कोणतीही सुविधा बंद किंवा मर्यादित केलेली चालणार नाही, तयार होऊन विक्रीसाठी निघालेल्या फोनमध्येही ते सॉफ्टवेअर अपडेटमधून पोहोचवावे, आणि हे सारे ९० दिवसांत. ओरड झाल्यावर दूरसंचारमंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी खुलासा केला की, नको असेल त्याने अ‍ॅप काढून टाकावे. त्या दिवसांतली बहुतेक चर्चा पाळतीभोवती फिरली. सरकार आपले बोलणे ऐकेल का, संदेश वाचेल का, ही भीती रास्त आहे. पण तो पुढचा प्रश्न. त्याआधीचा प्रश्न असा की, विचारले होते का? ‘नको तर काढा’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. परक्याने आपल्या घरात सामान आणून टाकावे आणि नको असेल तर बाहेर फेका म्हणावे, तसे ते आहे. फेकण्याचे कष्ट ज्याच्या माथी मारले जातात, त्याची संमती घेतली असे म्हणता येत नाही.

आणि संमती न विचारता गृहीत धरण्याचा हा विचार केवळ एका खात्याचा किंवा एका मंत्र्याचा नाही. व्यापारी संदेशांबाबतची आपली सगळी व्यवस्थाच या पायावर उभी आहे. २००७ पासून आपल्याकडे ‘डू नॉट कॉल’ची नोंदवही आहे. २०१० साली नियम बदलले, २०१८ मध्ये पुन्हा बदलले, ब्लॉकचेनवर आधारलेली यंत्रणा आली, प्रत्येक कंपनीचे हेडर (म्हणजे संदेशावर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव) आणि मजकुराचा साचा नोंदवणे बंधनकारक झाले. पण मूळ सूत्र हलले नाही. ज्याला जाहिरात नको, त्याने १९०९ या क्रमांकावर तसे कळवायचे. ज्याने कळवले नाही, त्याची हरकत नाही असे धरायचे. गडचिरोलीतल्या ज्या शेतकऱ्याने १९०९ हा आकडा कधी ऐकलेलाच नाही, त्याचे मौनही प्लॉटच्या, कर्जाच्या आणि शेअर बाजारातल्या ‘टिप्स’च्या संदेशांना होकार म्हणून मोजले जाते. हे उलटे आहे. ज्याला विकायचे आहे त्याने विचारायला हवे. ज्याला काहीच नको आहे त्याने अर्ज का करायचा?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम कडक केले. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. नोंदणी नसलेल्या कंपन्यांवर कारवाईसाठी आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात, आणि कारवाई ३० ऐवजी पाच दिवसांत व्हायची आहे. जाहिरातीच्या संदेशाच्या हेडरच्या शेवटी ‘पी’ हे अक्षर आले. सुधारणा चांगल्या आहेत, पण सगळ्या तक्रारीनंतरच्या आहेत. त्रास आधी होणार, तो नोंदवायचा नागरिकाने, पाठपुरावाही त्यानेच करायचा. शिवाय हे नियम फोन आणि एसएमएसपुरते. धंदा केव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आहे, तिथे हे नियम लागू नाहीत. ईमेलची अवस्था आणखी वाईट. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ मध्ये त्रासदायक ईमेलचा उल्लेख तरी होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आणि योग्यच केले, कारण ते लोकांची तोंडे बंद करण्यासाठी वापरले जात होते. पण व्यापारी ईमेलसाठी संमतीचा वेगळा, नेमका कायदा करण्याची निकड त्यानंतर कोणत्याही सरकारला वाटली नाही.

असा कायदा करता येत नाही असे नाही. कॅनडाने २०१० मध्ये तो केला. १ जुलै २०१४ पासून तो व्यापारी संदेशांना आणि १५ जानेवारी २०१५ पासून सॉफ्टवेअर टाकण्याला लागू झाला. तिथला नियम सरळ आहे: आधी संमती, मग संदेश. संमती घेतली होती हे सिद्ध करायचे ते पाठवणाऱ्याने. ग्राहकाने काही विकत घेतले असेल तर दोन वर्षे आणि नुसती चौकशी केली असेल तर सहा महिने संमती गृहीत धरता येते. त्यानंतर ती संपते. नको म्हटल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांत नाव यादीतून निघालेच पाहिजे. कंपनीला दंड एक कोटी डॉलरपर्यंत. सॉफ्टवेअरची तरतूद तर आपल्या राज्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. एखादा प्रोग्राम वैयक्तिक माहिती गोळा करणार असेल, सेटिंग बदलणार असेल किंवा मालकाच्या ताब्यात आडवा येणार असेल, तर ते परवान्याच्या लांबलचक करारात दडवता येत नाही. ते वेगळे, ठळक सांगावे लागते. तिथेही उद्योगांनी दबाव आणला, नागरिकाला थेट न्यायालयात दावा लावू देणारे कलम २०१७ मध्ये लागू होण्याआधीच रोखले गेले. तरी कायद्याला दिलेले आव्हान न्यायालयात टिकले नाही आणि मूळ सूत्र आजही उभे आहे.

आपल्याकडे मात्र संमती हा एक उपचार झाला आहे. पुण्या-नाशिकच्या कोणत्याही मोठ्या दुकानात बिलाच्या रांगेत उभे राहा. सामान मशीनखालून सरकण्याआधीच काउंटरवरची मुलगी मोबाइल नंबर विचारते. रांगेतले आजोबा मोठ्याने दहा आकडे सांगतात, मागच्या चौघांनाही ते ऐकू जातात. नंबर कशाला हवा, हे ती सांगत नाही. तिलाही ते कोणी सांगितलेले नसते. संध्याकाळी सभासद झाल्याबद्दल अभिनंदनाचा संदेश येतो आणि मग सवलतींचा मारा सुरू होतो. नंबरसाठी अडवणूक करू नका, अशी सूचना ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दिली होती. सूचना कागदावर आहे, काउंटर आहे तसाच आहे.

अ‍ॅपच्या बाबतीत परिणाम अधिक भयंकर होतात. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी ‘अलाऊ’ या एका बटणावर कर्जदाराच्या फोनमधली सगळी नावे-नंबर उचलले आणि हप्ता चुकताच त्याच्या मामाला, शिक्षकांना, कार्यालयातल्या साहेबांना बदनामीचे संदेश धाडले. कर्जदाराने एक बटण दाबले होते असे एक वेळ मानू; त्याच्या मामाने कोणते बटण दाबले होते? अनेकांचे आयुष्य उद्ध्वस्त झाल्यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोनमधली संपर्कयादी, फोटो-फाइल आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावण्यास मनाई केली. रिझर्व्ह बँकेला जे २०२२ मध्येच कळले, ते एका क्षेत्रापुरतेच का राहावे? बॅटरी दाखवण्याच्या अ‍ॅपलाही संपर्कयादी कशाला लागते?

यावर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडे बोट दाखवले जाते. २०२३ चा तो कायदा संमती कशी असावी हे नीट सांगतो. ती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीतून घेतलेली हवी. देणे जितके सोपे, मागे घेणेही तितकेच सोपे हवे. विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे. आज परभणीतली एखादी गृहिणी फोनवर बँकेचे खाते उघडताना इंग्रजीतली आठ-दहा पाने अंगठ्याने वर सरकवून ‘अ‍ॅग्री’ दाबते, तिच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची सवड मिळाली. म्हणजे मे २०२७. तोवर काय? त्यातच याच कायद्याचे कलम १७ केंद्राला आपल्या हव्या त्या यंत्रणेला राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांनी सूट देण्याचा अधिकार देते. व्यापाऱ्याने विचारायचे, सरकारने मात्र विचारलेच पाहिजे असे नाही!

हीच वृत्ती मे २०२० मध्ये, करोनाकाळातल्या ‘आरोग्य सेतू’ अ‍ॅपच्या वेळी दिसली होती. आधी कर्मचाऱ्यांना सक्ती झाली, नोएडात तर अ‍ॅप नसल्यास कारवाईची भाषा झाली, आणि टीकेनंतर काही दिवसांत सूर बदलला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. तरीही प्रत्येक वेळी आधी सक्ती, मग ओरड, मग माघार, हेच घडते. सायबर फसवणूक खरी आहे, ‘संचार साथी’वर हरवलेला फोन बंद करता येतो आणि आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे पाहता येते, हेही खरे. इतके उपयोगी अ‍ॅप लोक मागून घेतील. त्यासाठी लोकांना सांगा, पटवा, मराठीत जाहिरात करा. फोनमध्ये घुसवू नका.

‘ट्राय’ने जाहिरातींची नोंदवही उलटी करावी: ज्याला जाहिराती हव्यात त्याने नाव नोंदवावे, बाकी सर्वांचे मौन हा नकार मानावा. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलही त्याच नियमात यावेत. फोनमध्ये कंपनीचे असो वा सरकारचे, कोणतेही अ‍ॅप टाकण्याआधी ते काय काय करणार हे मालकाच्या भाषेत वेगळे सांगून त्याचा होकार घेण्याचे बंधन कायद्यात असावे, आणि सरकारला त्यातून सूट नसावी. महाराष्ट्राच्या खासदारांनी हा विषय संसदेत लावून धरावा. वाचकांनीही नको असलेला संदेश नुसता पुसून टाकू नये. तो आल्यापासून सात दिवसांत १९०९ वर तक्रार करावी, आणि दुकानात नंबर मागितला तर तो सांगण्याआधी कशासाठी हवा, हे विचारावे.