मनाचा कौल आणि अनुभवाची पारख

भुसार मालाच्या पेढीवर मुरलेला व्यापारी तुरीच्या पोत्यात हात घालतो, एक दाणा दाताखाली धरतो आणि ओलावा मोजण्याचे यंत्र लावण्यापूर्वीच सांगतो, ‘माल ओला आहे.’ कारण विचारले तर त्याला ते शब्दांत मांडता येत नाही. लोक याला उपजत ज्ञान म्हणतात. वस्तुतः ते कमावलेले असते.

नंदीसूत्रात बुद्धीचे चार प्रकार सांगितले आहेत. औत्पत्तिकी आपोआप स्फुरते, वैनयिकी विनयाने लाभते, कर्मजा सतत केलेल्या कामातून येते आणि पारिणामिकी वयाबरोबर परिपक्व होते. व्यापाऱ्याच्या हातातील पारख ही कर्मजा बुद्धी होय.

खरोखर उपजत असतात त्या आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा. मुंगीपासून माणसापर्यंत कोणालाही त्या शिकाव्या लागत नाहीत. अडचण एवढीच, की भय आणि परिग्रहसुद्धा ‘आतला आवाज’ होऊनच बोलतात.

त्याच पेढीवर मळक्या कपड्यांतला एक अनोळखी शेतकरी पेरणीसाठी उचल मागतो. मालक म्हणतो, ‘मन घेत नाही.’ येथे बोलते ती पारख की भय? तुरीच्या दाण्याने त्या हाताची चूक असंख्य वेळा दाखवून दिली, म्हणून तो हात शहाणा झाला. नकार मिळालेला माणूस मात्र आपण प्रामाणिक होतो हे सांगायला परत येत नाही. तेथे चूक कधी उघडकीस येत नाही आणि भय स्वतःला अनुभव समजू लागते.

मतिज्ञानाचे चार टप्पे तत्त्वार्थसूत्राने दिले आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. प्रथम वस्तूची ओझरती जाणीव, मग शोध, मग निश्चय आणि शेवटी स्मरणात साठवण. परिचित विषयात हे टप्पे इतक्या वेगाने घडतात, की सुईने एकावर एक ठेवलेल्या शंभर कमळपाकळ्या एकदम भेदाव्यात तसे वाटते. क्रम दिसत नाही, पण तो असतो. भयाच्या निर्णयात मात्र ईहा, म्हणजे शोध, गळूनच जाते.

म्हणून मनाचा कौल झिडकारू नये. त्याला एक प्रश्न विचारावा: या बाबतीत आपली चूक आपल्याला पूर्वी कधी कळली होती का? उत्तर ‘नाही’ असेल, तर समोरच्याला बसायला सांगावे, पाणी द्यावे, गाव, शेत आणि पीक विचारावे. त्यानंतरही नकार द्यावासा वाटला, तर तो विचारपूर्वक दिलेला असेल.