तपासणी झाली, निकाल कुठे?



‘सिकलसेलच्या तपासणीला पाड्यांवरचे लोकच येत नाहीत’ हा आधीच्या एका पत्रलेखकाचा सूर खटकला. दिवाळी झाली की शिरपूर-साक्रीकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि शिबिरं लागतात नेमकी त्यानंतर. येणार कोण?

जे येतात त्यांचं काय? आमच्या चोपडा तालुक्यातल्या एका पाड्यावर बोटातून रक्त घेतलं, वहीत नावं उतरवली, गाडी गेली ती गेलीच. एका घरात मात्र ‘वाहक’ असं लिहिलेलं कार्ड पाहिलं, पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली ठेवलेलं. रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचा वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक, हे तिथल्या पावरी बोलीत कुणी सांगितलंच नव्हतं.

नुसतं तपासून निघून जाण्याने संशयच वाढतो. अमेरिकेत टस्कीगीला सरकारी डॉक्टरांनी १९३२ ते १९७२ गरीब कृष्णवर्णीयांचा सिफिलिस उपचार न करता नुसता न्याहाळला. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या मनातल्या संशयाला अडाणीपणा म्हणायचं का?

उलट गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. लोक तिथलेही आदिवासी भागातलेच.

होळीआधी भोंगऱ्या बाजाराला माणसं गावी परततात. शिबिर तिथे लावा, आणि निकाल सांगायला पाड्यावरच्याच आशाताईला सोबत घ्या.

– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)