कार्बन क्रेडिटचे मान आणि आपली वनौषधी

‘औषधी वृक्ष लावा, औषधही मिळेल आणि कार्बन क्रेडिटचे पैसेही मिळतील,’ असे सांगणारे मध्यस्थ अलीकडे गडहिंग्लज, आजरा व चंदगड तालुक्यांतील गावांतून फिरू लागले आहेत. ज्या वैद्यबंधूंच्या स्वतःच्या औषधशाळा आहेत, त्यांच्याकडेही असे कागद येऊ लागले आहेत. शेतकरी सही करण्यापूर्वी गावातील वैद्याला विचारतो, कारण झाडाची गोष्ट वैद्याला कळते असा त्याचा समज आहे. तेव्हा या विषयाकडे ‘हे आपले क्षेत्र नव्हे’ म्हणून पाठ फिरवणे आपल्याला शक्य नाही.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कर्बवायू हवेतून कमी झाल्याचे, किंवा हवेत जाता जाता रोखल्याचे, प्रमाणपत्र. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो आणि कार्बनचे एक माप म्हणजे कर्बवायूची सुमारे पावणेचार मापे. म्हणजे एका क्रेडिटसाठी साडेपाचशे किलोंच्या आसपास वाळलेल्या लाकडाइतकी वाढ व्हावी लागते. बांधावर चाळीस-पन्नास हिरडे लावणाऱ्या शेतकऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. माहितीपत्रकातील आकडे आपोआप जमिनीवर येतात.

परंतु खरा प्रश्न वाढ मोजण्याचा नसून ती कशाशी ताडून मोजायची, हा आहे. प्रकल्प झालाच नसता तर काय झाले असते, याची एक काल्पनिक आधाररेषा धरावी लागते. ती किती उंच धरायची, हे ज्या नियमांनी ठरते त्यांना कार्यपद्धती म्हणतात. शार्ङ्गधराने मागध आणि कलिंग अशी दोन माने सांगितली आहेत. कोणत्या मानाने द्रव्य घेतले हे न सांगता योग लिहून दिला तर काय होईल, हे आपणांस वेगळे सांगायला नको. कार्बनच्या बाजारात गेली वीस वर्षे बहुतांशी असेच चालले होते.

याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. साताऱ्याकडून पाटणला जाताना वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. देशभर अशा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यामागे प्राप्तिकरातील घसाऱ्याची सवलत आणि वीजखरेदीचे दर ही मोठी कारणे होती. त्यांतील शेकडो प्रकल्पांना क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली क्रेडिटही मिळाले. भारतातील पवनऊर्जा प्रकल्पांचा अभ्यास करून काही अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये असा निष्कर्ष काढला की, निदान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना मिळाले जे क्रेडिटविनाही उभे राहिलेच असते. जो ज्वर तिसऱ्या दिवशी आपोआप उतरणार होता, त्याच्या उपशमाचे श्रेय आपल्या काढ्याला देण्यासारखेच हे झाले.

सुधारित चुलींचा प्रकार याहून बोलका आहे. जाळलेल्या लाकडापैकी किती लाकूड पुन्हा उगवून येत नाही, हा अंश त्यांत गृहीत धरावा लागतो. अनेक प्रकल्पांत तो ऐंशी टक्क्यांच्याही वर धरला गेला. आपल्या भागातील चूल पाहिलेल्या माणसाला हे पटणारच नाही. तीत शेणी जातात, शेंगांची टरफले जातात, बांधावरच्या झाडाच्या छाटलेल्या फांद्या जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या चूल-प्रकल्पांना प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे ९.२ पट क्रेडिट दिले गेल्याचे आढळले. अशा क्रेडिटच्या आधारे दूरदेशीचा एखादा कारखाना आपला धूर ‘फिटला’ असे जाहीर करतो, तेव्हा धूर खरा असतो आणि फेड मात्र कागदावरची.

आता ही माने सुधारली जात आहेत. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखालील नव्या यंत्रणेचे मूलभूत निकष नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत मार्गी लागले. मे २०२५ मध्ये आधाररेषेचा निकष ठरला. त्यानुसार ही रेषा नेहमीच्या चालीपेक्षा खाली धरावी लागेल आणि वर्षागणिक आणखी खाली आणावी लागेल. खासगी बाजारातील ‘व्हेरा’ या संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये वृक्षलागवडीसाठी नवी कार्यपद्धती काढली. तीत लागवडीची वाढ आसपासच्या, लागवड न झालेल्या तशाच जमिनीशी वेळोवेळी ताडून पाहिली जाते. विखुरलेल्या झाडांसाठी एकेक झाड मोजण्याचाही मार्ग आहे. आपल्या बांधावरच्या झाडांना हा दुसरा मार्ग लागू पडण्यासारखा आहे. केवळ क्रेडिटसाठी नैसर्गिक झाडोरा तोडून तेथे नवी लागवड करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत दार बंद आहे, हेही चांगलेच.

मात्र आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा निराळाच आहे. धातूचे भस्म सिद्ध झाले की नाही, हे आपण अपुनर्भव परीक्षेने ठरवतो. गूळ, गुंज, मध, तूप आणि टंकण या मित्रपंचकासह तापवूनही धातू परत प्रकट झाला नाही, तरच ते भस्म. झाडात साठलेला कार्बन या परीक्षेत कधीच पूर्ण उतरत नाही. वणवा लागला, कुऱ्हाड पडली, की तो पुन्हा हवेत. म्हणून व्हेराच्या नियमांत अशा प्रकल्पांना निदान चाळीस वर्षांची मुदत घातली आहे आणि प्रत्येक प्रकल्पाच्या क्रेडिटचा काही भाग सामाईक राखीव साठ्यात ठेवावा लागतो.

चाळीस वर्षे म्हणजे सही करणाऱ्याच्या मुलाचेही निम्मे आयुष्य. आणि आपल्याला हवे काय असते? दशमुळांतील बृहत् पंचमूळ घ्या: बेल, अग्निमंथ, टेटू, पाडळ आणि शिवण. यांचे शास्त्रोक्त उपयुक्तांग मूळ. मूळ काढले की झाड गेले. बाजारात मुळाऐवजी खोडाची साल येते हे आपण जाणतो आणि बहुधा त्याबद्दल बोलत नाही. एखाद्या औषधशाळेने शेतकऱ्याकडून शिवण लावून घेतली, तिच्यावर क्रेडिट विकले आणि बाराव्या वर्षी मुळासाठी तीच झाडे उपटली, तर तो करारभंग ठरेल आणि त्याची झळ शेतकऱ्याला बसेल. उलट हिरडा, बेहडा, आवळा यांचे फळच लागते. झाड उभे राहते. अर्जुनाची साल एका बाजूने, पट्ट्यापट्ट्याने आणि मधे वर्षे सोडून काढली तर झाड जगते, पण असे काढणारे हात आणि त्यासाठी जास्त दर देणारे खरेदीदार किती आहेत? फळ, साल आणि मूळ यांतील हा भेद कार्यपद्धती लिहिणाऱ्यांना सांगायचा तो आपणच. तो भेद पत्रकात नसेल, तर ‘औषधी वृक्षलागवड’ हा शब्द फसवा आहे असे मी समजतो.

दुसरी चिंता सड्यांची. सामानगडापासून आंबोली, चंदगडपर्यंतचे जांभ्याचे कातळ आणि गवताळ माळ सरकारी दप्तरात पुष्कळदा पडीक गणले जातात. पावसाळ्यात तेथे काळी मुसळी शोधत हिंडलेला वैद्य त्यांना पडीक म्हणणार नाही. केंद्र शासनाच्या हरित क्रेडिट योजनेची कार्यपद्धती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तीत हेक्टरी किमान ११०० झाडांचा दंडक होता आणि दोन वर्षांनी झाडामागे एक क्रेडिट. माळरानाला हा दंडक लावणे म्हणजे कृश प्रकृतीच्या माणसाला बळेच स्थूल करणे होय. टीका झाल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये पद्धत बदलली. आता पाच वर्षे थांबावे लागते आणि निदान ४० टक्के वृक्षाच्छादन दाखवावे लागते. झाडे केवळ लावून न थांबता जगवावी लागतील, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण चाळीस टक्के छाया हा निकष सड्याच्या मुळावरच येतो. तेथील वनस्पतींना ऊनच हवे असते. एक व्याधी शमवताना दुसरी उत्पन्न करणारी चिकित्सा शुद्ध नव्हे, हे आपल्या आचार्यांनी सांगून ठेवले आहे.

नियम इतके कडक झाले तर लहान शेतकऱ्याला त्यांत शिरताच येणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. तपासणी आणि नोंदणीचा खर्च दोन एकरवाल्याला झेपणारा नाही. पण म्हणून माप सैल करणे हा उपाय नव्हे. सैल मापाने मिळालेले क्रेडिट उद्या कोणी घेणार नाही आणि पडलेल्या भावाचा भार पुन्हा त्याच शेतकऱ्यावर येईल. दूधसंस्था आणि साखर कारखाने उभारणाऱ्या या जिल्ह्याला गावागावांतील बांधांची एकत्र नोंदणी अवघड का वाटावी?

केंद्राच्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेची अधिसूचना जून २०२३ मध्ये निघाली असून मार्च २०२५ मध्ये तिच्या पहिल्या कार्यपद्धतींना मान्यता मिळाली. त्यांत कांदळवनांच्या पुनर्लागवडीला स्थान मिळाले. मिश्र औषधी वृक्षांसाठी बोलणारे कोणी हवे असेल, तर आपल्या संघटनेने पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाकडे लेखी निवेदन पाठवावे. निवेदनात उपयुक्तांगानुसार वेगळी गणना, काढणीच्या पद्धतीची अट आणि सड्यांना वगळणे, एवढे तीन मुद्दे आले तरी पुरे. तोवर औषधशाळाचालकांनी खरेदीच्या वहीत मूळ, खोडसाल आणि फळ यांचे वजन निरनिराळ्या रकान्यांत लिहावे. आपण वर्षाला किती झाडे उभी ठेवतो आणि किती पाडतो, हा पहिला प्रश्न मंडळ आपल्यालाच विचारील.